स्वभावाचे प्रगतिपत्रक



गणिताच्या उत्तरपत्रिकेत चूक निघाली, तर ती गणितापुरतीच असते; परंतु ‘इतरांशी मिळून वागणे’ या रकान्यात खालची श्रेणी दिसली, की आपलाच पाणउतारा झाला असे मुलास वाटते. प्रगतिपत्रक समग्र असावे, त्यात विद्यार्थ्याचे स्वतःविषयीचे व सोबत्यांचे त्याच्याविषयीचे मतही यावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितले आहे. असा रकाना भरणे एक वेळ सोपे. त्याविषयी मुलाशी बोलणे अवघड.

प्रथम मीच चुकलो. एका मुलास जवळ बोलावून, “तू वर्गात मिसळत नाहीस, सुधारणा हवी,” असे निकाल ऐकवावा तसे ऐकविले. तो “होय सर” म्हणून निघून गेला. पुढे एकदा मधल्या सुटीत पाहतो तो, डबे उघडून बसलेल्या घोळक्यात त्याला कोणी जागाच देत नव्हते. श्रेणी त्याची खालची होती. उणीव वर्गाची होती!

सातारकरांस हे निराळे सांगावयास नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी येथील सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. नोंदवहीतील क्रमांक १९१४. साताऱ्यातील शाळेत आपणास कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर निराळे बसावे लागे, आणि शिपाई नसला की पाणीही मिळत नसे, हे डॉ. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेविले. त्या मुलाचा ‘मिसळण्याचा’ रकाना कोणी भरला असता, तर काय लिहिले असते? याच शहरात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींची मुले एकत्र ठेविली. मिसळण्याची जागाच त्यांनी आधी निर्माण केली.

आता मी प्रत्येकाशी एकट्याने बोलतो, आणि सांगण्याआधी विचारतो. सांगलीचे माझे एक शिक्षकमित्र तर पत्रिका प्रथम मुलाच्याच हाती देतात व आपण खिडकीबाहेर पाहत बसतात. नववीतील एका मुलीने ‘धीर’ या बाबीत स्वतःस अगदी खालची श्रेणी दिली होती, मैत्रिणींनी वरची. कारण विचारता म्हणाली, “बोलताना माझे हात कापतात, ते त्यांना दिसत नाहीत, सर.” आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१९ साली जगातील दहा शहरांत केलेल्या पाहणीत, पुष्कळ गुणांबाबत १५ वर्षांच्या मुलांनी स्वतःविषयी १० वर्षांच्या मुलांहून खालचे मत दिले, हे तिला सांगितले, तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. या वयात मनुष्य स्वतःचा फार कडक परीक्षक असतो. आणि अबोलपणा हा काही दोष नव्हे. मोशे जड जिभेचा होता, तरी देवाने त्यालाच निवडले, व बोलावयास अहरोन सोबत दिला.

त्या पहिल्या मुलाची मी क्षमा मागितली. मग त्याचे नाव न घेता वर्गास एवढेच विचारले, की या आठवड्यात तुम्ही कोणाशेजारी डबा खाल्ला नाही? बराच वेळ कोणी बोलले नाही.