कोआला आणि क्लॅमिडिया : एक तुलनात्मक अभ्यास

इतिहासाच्या अध्यापकाने जीवशास्त्रावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या दोन जीवांची तुलना करताना इतिहास टाळता येत नाही, असे आमचे मत आहे.

कोआला हा ऑस्ट्रेलियातील शिशुधानी सस्तन प्राणी. त्याला अस्वल म्हणण्याचा प्रघात चुकीचा आहे. क्लॅमिडिया पेकोरम हा त्याला ग्रासणारा जीवाणू. कोआलाची जनुके २६ हजारांहून अधिक, तर या जीवाणूची सुमारे एक हजार. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर त्याला स्वतंत्रपणे जगता येत नाही. यजमानाच्या पेशीत शिरूनच तो विभाजनाने वाढतो आणि दोन-तीन दिवसांत नव्या पेशींकडे वळतो. याउलट कोआलाची मादी वर्षाला बहुधा एकच पिलू देते. सुमारे ३५ दिवसांच्या गर्भवासानंतर जन्मणारे हे पिलू एक ग्रॅमहूनही हलके व आंधळे असते. तरीही ते स्वबळावर शिशुधानीपर्यंत सरपटत जाते.

सहा महिन्यांच्या सुमारास माता पिलाला विशिष्ट प्रकारची मऊ विष्ठा खाऊ घालते. किळस येण्याचे कारण नाही. निलगिरीची विषारी पाने पचविण्यास मदत करणारे जीवाणू पिलाला त्यातूनच मिळतात. म्हणजे एका जीवाणूमुळे कोआलाला अंधत्व व वंध्यत्व येते, तर दुसऱ्या जीवाणूंवाचून त्याला अन्नच पचत नाही. क्लॅमिडियावर प्रतिजैविके दिली की हे उपकारक जीवाणूही मरतात, आणि रोगमुक्त झालेला कोआला भरल्या झाडावर उपाशी मरू शकतो. पशुवैद्यांपुढील खरा पेच हा आहे.

आता इतिहास. १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत झाली आणि तिच्यामागोमाग गुरे-मेंढ्या आल्या. त्यांच्यातही हा जीवाणू आढळत असल्याने तो तेथूनच कोआलात आला असावा, असा संशोधकांचा कयास आहे. १९२७ मध्ये क्वीन्सलँड सरकारने शिकारीस मुभा दिली. एका महिन्यात लाखो कोआला कातड्यासाठी मारले गेले. पुढे जंगले तुटत गेली. अखेर २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स व राजधानी प्रदेशातील कोआला संकटग्रस्त घोषित झाला. या ऱ्हासाचा सगळा दोष जीवाणूच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही.

२०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्लॅमिडियावरील एकाच मात्रेच्या लसीस मान्यता मिळाली. प्रतिजैविकांप्रमाणे ती आतड्यातील जीवाणूंना मारत नाही.