कोणाचे काय गेले?
(तरुण व प्रौढ अभ्यासवर्गासाठी पाठ)

शास्त्रभाग : २ शमुवेल २४:१८-२५, लूक १९:१-१०

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या गायनमंडळाने नाताळासाठी एक नवे मराठी गीत बसविले. ते आमच्यापर्यंत आले एका पेनड्राइव्हवरून. कोणीतरी सीडी विकत घेतली होती. तिच्यातील दहाही गीते पेनड्राइव्हवर उतरली, तेथून मोबाईलवर गेली, आणि नाताळ येईपर्यंत आसपासच्या चार मंडळ्यांत घरोघर पोहोचली. पुढे उन्हाळ्यातील एका शिबिरात त्या गीतांचे कर्ते आम्हांस भेटले. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "गुरुजी, आमच्याकडे लहान पोरेसुद्धा तुमची गाणी म्हणतात!" ते हसून म्हणाले, "देवाची स्तुती असो. ऐकून बरे वाटले. पाचशे सीडी काढल्या होत्या, बंधू. साडेतीनशे अजून पलंगाखाली आहेत. स्टुडिओचे पैसे सोसायटीचे कर्ज काढून भरले, त्याचे हप्ते चालू आहेत."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, केवळ हिशेब होता. पण त्या दिवशी पंगतीत आम्हांला मान वर करवेना, कारण तो पेनड्राइव्ह आमच्याच घरी भरला गेला होता.

प्रिय वाचकहो, या पाठात आपण ज्या गोष्टीचा विचार करणार आहोत ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही नाव द्यावे असेही आपणांस वाटत नाही. गाणी, चित्रपट व संगणकाचे प्रोग्राम मालकाच्या परवानगीवाचून इंटरनेटवरून उतरवून घेणे, व एकमेकांस देणे, ही ती गोष्ट. कायदा काय म्हणतो हे आपण पाहूच. परंतु त्याआधी आपल्या मनाची वृत्ती तपासणे अधिक अगत्याचे आहे.

सवय जुनी, साधन नवे

आम्ही लहान असताना गावातील कॅसेटच्या दुकानात गाण्यांची यादी नेऊन दिली की दुकानदार कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून देई. त्याचे पैसे घेई. गाणाऱ्याला त्यातील काही जात नसे. संगणकाच्या बाबतीतही गोष्ट जुनीच आहे. १९७६ साली वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक उघडे पत्र लिहिले. आपण तयार केलेली बेसिक नावाची प्रणाली वापरणारे बहुतेक लोक ती विकत न घेता नक्कल करून घेतात, अशी त्यांची तक्रार होती.

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर ही सेवा सुरू झाली. तिच्यामुळे एकाच्या संगणकातील गाणे जगातील कोणालाही फुकट घेता येऊ लागले. तेथील न्यायालयाच्या निर्णयानंतर २००१ साली ती बंद पडली. पण त्याच वर्षी बिटटॉरेंट ही युक्ती निघाली, आणि संपूर्ण चित्रपटही तुकड्यातुकड्यांनी उतरवून घेणे सोपे झाले. २०१६ मध्ये 'उडता पंजाब' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच इंटरनेटवर फिरू लागला होता. साधन बदलत गेले. मनुष्याचे समर्थन मात्र तेच राहिले. त्यातील चार समर्थने आपण घेऊ.

१. "कोणाचे काय गेले?"

शेजाऱ्याची शेळी नेली तर त्याचा खुंटा रिकामा होतो. गाण्याची नक्कल घेतली तर मूळ गाणे जागच्या जागी राहते. मग ही चोरी कशी, असे विचारतात. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, ते आपण प्रामाणिकपणे मान्य करू. प्रत्येक नक्कल म्हणजे एक बुडालेली विक्री असे नव्हे. फुकट मिळाले नसते तर पुष्कळांनी ते गाणे घेतलेही नसते.

परंतु शास्त्र केवळ वस्तू उचलण्यालाच चोरी म्हणत नाही. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवण्यास मनाई आहे. यिर्मया २२:१३ मध्ये शेजाऱ्याकडून काम करवून घेऊन मोल न देणाऱ्यावर संदेष्टा हाय हाय करतो. याकोबाच्या पत्रात (५:४) कापणी करणाऱ्यांची अडविलेली मजुरीच ओरड करिते. या तिन्ही ठिकाणी कोणाच्या घरातून कोणतीही वस्तू गेलेली नाही. गेले ते श्रमाचे मोल. आमच्या गुरुजींच्या घरातूनही काही गेले नव्हते. उलट साडेतीनशे सीडी घरातच राहिल्या होत्या!

२. "कंपन्या गबर आहेत, कलावंताला काय मिळते?"

हे समर्थन अन्यायाच्या चिडीतून येते, म्हणून ते अधिक मोहक आहे. आपल्या देशात चित्रपटगीतांचे कवी व संगीतकार यांचे हाल झाले हे खरे आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटगीताचा पहिला मालक सामान्यतः निर्माताच होय. गीतकार एकरकमी पैसे घेई व बाजूला होई. पुढे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिचा जोराने पुरस्कार केला होता. चित्रपटगृहाबाहेर गीताचा जो वापर होईल त्याच्या मानधनात कवी व संगीतकार यांना समान वाटा मिळावा, आणि तो हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद तिच्यात आहे.

म्हणजे अन्याय दूर करण्याचा मार्ग होता, व तो कष्टाने काढला गेला. आपण फुकट उतरवून घेतलेल्या गाण्याने मात्र त्या कवीला एक पैसाही मिळाला नाही. उलट त्याचा वाटा ज्यातून यावयाचा ते उत्पन्नच आटले. लेवीय १९:१५ हे वचन न्याय करताना गरिबाची भीड धरू देत नाही आणि थोरामोठ्याचे तोंडही पाहू देत नाही. श्रीमंताचे घेतलेलेही घेतलेलेच असते.

३. "परवडत नाही, मग काय करावे?"

ज्या घरात मुलाच्या कॉलेजची फी उसनवारीने भरली जाते, तेथे महागड्या प्रोग्रामचे मोल ऐकून आईबापांच्या पोटात गोळा येतो. शास्त्रालाही गरज कळते. नीतिसूत्रे ६:३०-३१ मध्ये भुकेपोटी चोरी करणाऱ्याला लोक तुच्छ लेखीत नाहीत असे सांगितले आहे. तरी तो सापडला म्हणजे त्याला भरपाई करावीच लागते, हेही तेथेच आहे. आपण स्वतःला विचारावे की आपली भूक कोणती? शुक्रवारी लागलेला चित्रपट शनिवारी मोबाईलवर पाहता आला नाही म्हणून आजवर कोणी उपाशी मेलेला नाही.

शिवाय आज फुकट व सरळ मार्गाने मिळणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पत्रे व हिशेब यांसाठी लिबरऑफिस हा प्रोग्राम कर्त्यांनीच सर्वांना मोफत दिला आहे. चित्रांच्या कामासाठी गिम्प आहे. लिनक्स ही संपूर्ण संगणकप्रणाली १९९१ पासून खुली आहे. मराठी छपाईसाठी 'मुक्त' व 'बलू' यांसारखे देवनागरी फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या गटाने खुले केले आहेत. ते ज्या खुल्या परवान्याखाली मिळतात, तो एसआयएल या संस्थेने तयार केलेला आहे, आणि या संस्थेचा उगम शास्त्राच्या भाषांतरासाठी भाषा शिकविण्याच्या कामातून झाला, हे आपल्या वाचकांस ऐकून आनंद वाटेल. कर्त्याने आपखुशीने दिले ते दान. त्याला न विचारता घेतले ती लूट. दोन्हींस आपण 'फुकट' हा एकच शब्द वापरतो, येथेच घोटाळा होतो.

४. "प्रभूच्या कामासाठीच तर आहे!"

हे समर्थन खास आपले, मंडळीतील लोकांचे. शिबिराहून परतल्यावर आम्ही गुरुजींची हकिगत तरुणांच्या वर्गात सांगितली. एका मुलाने विचारले, "काका, मग आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचे काय?" वर्गात शांतता पसरली. ज्या प्रोग्रामवर उपासनेचे पत्रक तयार होई, तो कोणा ओळखीच्याने कुलूप तोडून, म्हणजे 'क्रॅक' करून, बसवून दिला होता. हे आम्हांस ठाऊक होते. मंडळीचे पैसे वाचले म्हणून आम्ही त्याचे आभारही मानले होते!

दावीदाची गोष्ट येथे आपल्याला धरून उभी करते. मरी थांबावी म्हणून यबूसी अरवनाच्या खळ्यात त्याला वेदी बांधावयाची होती. अरवनाने बैल, मळणीची आउते, जू, सर्व काही देऊ केले. तरी राजाने ते फुकट घेण्यास नकार दिला. ज्याला आपणांस काहीच मोल पडले नाही असे होमार्पण परमेश्वराला करणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून दिले. लक्षात घ्या, तेथे मालक स्वतः देत होता, तरीही दावीदाने मोल दिले. आपण तर मालकाला विचारलेही नव्हते, आणि तेच वेदीवर ठेवीत होतो.

कायदा काय सांगतो?

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास त्याच्या कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. चोरटा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी कलम ६३ ब निराळे आहे. त्यात कमीत कमी सात दिवसांची कैद सांगितली आहे. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता केवळ दंड करू शकते. चित्रपटगृहात बसून चोरून चित्रण करणाऱ्यास २०२३ च्या दुरुस्तीने तीन महिने ते तीन वर्षे कैद व कमीत कमी तीन लाख रुपये दंड ठेवला आहे.

तथापि कायदा आपणांस नाहक भिववीतही नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाणे हा हक्कभंग नाही, असे कलम ५२ स्पष्ट सांगते. म्हणून उपासनेत नवे गीत गाताना कोणी कचरू नये. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या काव्यावरील हक्क संपतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली प्रभूकडे गेले. त्यांची गीते आज सर्वांची आहेत. पण हयात कवीच्या गीतांची सीडी उतरवून वाटणे हे गाण्याहून वेगळे आहे. आम्ही दोन्ही एकच समजत होतो.

जक्कयाचे चौपट

जक्कयाकडे कोणी पावती मागितली नव्हती. येशू त्याच्या घरी आला, तेव्हा त्याने स्वतःच अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व ज्यांना फसविले त्यांना चौपट परत करण्याचे बोलून दाखविले. पश्चात्ताप त्याच्या खिशापर्यंत पोहोचला.

आमचा पश्चात्ताप चौपट नव्हता, हे आम्ही कबूल करतो. मंडळीच्या कमिटीने तो प्रोग्राम काढून टाकला व लिबरऑफिस बसविले. पहिले दोन महिने पत्रकातील ओळी वेड्यावाकड्या येत, आणि वडील मंडळी कुरकुर करीत. गायनमंडळाने घरोघर जाऊन हिशेब केला. ज्या घरांत ती गीते होती त्यांपैकी बहुतेकांनी सीडीची किंमत दिली. काहींनी दिली नाही, आणि आम्ही त्यांच्या दारी दुसऱ्यांदा गेलो नाही. पैसे गुरुजींना पाठविले. त्यांच्याकडून पार्सल आले. त्यात जितक्यांचे पैसे तितक्या सीडी होत्या, व वर पावती. आमच्या घरी आता सीडी वाजविण्याचे यंत्र नाही. तरी ती सीडी उपासनेच्या पुस्तकाशेजारी ठेविली आहे, आणि फुकटचे काही उतरवून घेण्यासाठी हात पुढे झाला म्हणजे तिच्याकडे नजर जाते.

चर्चेसाठी प्रश्न

१. वरील चार समर्थनांपैकी आपल्या घरी कोणते अधिक वेळा ऐकू येते? मुलांच्या तोंडून की आपल्याच?

२. आपल्या मंडळीच्या संगणकावरील प्रोग्राम, पडद्यावर दाखविले जाणारे चित्रपट व गायनमंडळाची गाणी कोठून आली, याची माहिती कोणाकडे आहे?

३. जे विकत मिळतच नाही, अशा जुन्या गाण्याविषयी ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? मालकास पत्र लिहून परवानगी मागण्याचा प्रयत्न आपल्यापैकी कोणी केला आहे काय?

४. ज्याचे श्रम आपण मोलावाचून वापरले असा एक मनुष्य आठवा. या आठवड्यात त्याला काय देता येईल?