तपकिरीचा गंध आणि गारवा

मराठीत एका रंगालाच तपकिरीचे नाव मिळाले आहे. शाळेतील मुलाने तपकीर कधी पाहिलेली नसली तरी तपकिरी रंग तो अचूक ओळखतो. एखादी वस्तू भाषेत इतकी मुरली म्हणजे ती घराघरांतून किती काळ वावरली असेल, याची कल्पना येते. सातारा व सांगली या जिल्ह्यांत तपकिरीची डबी अजूनही पूर्णपणे इतिहासजमा झालेली नाही. तपकिरीच्या अनेक प्रकारांपैकी पिपरमिंट, म्हणजेच मेंथॉल घातलेली थंड तपकीर हा एक प्रकार. त्याचा गंध व स्वभाव नीट समजून घेणे शिक्षक, आरोग्य कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्या दृष्टीने अगत्याचे आहे. कारण तपकिरीला व्यसनाऐवजी औषध मानण्याची चूक याच गंधामुळे होते.

या दोन जिल्ह्यांचा विचार एकत्र करणे सोयीचे आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके व विलीन संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची जमीन दोहोंना समान. बिडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेल्या निपाणी भागात बेळगाव व कोल्हापूर यांच्याबरोबर सांगली व सातारा यांचाही समावेश होतो. तंबाखूशी या मुलखाचा परिचय तर त्याहून जुना आहे. अकबराचा वकील असद बेग हा १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून परतताना तंबाखू घेऊन गेला व तो त्याने बादशहापुढे ठेवला. मिरजेचा मुलूख त्या काळी विजापूरच्याच अमलाखाली होता.

तपकीर म्हणजे वाळवून, मुरवून, वस्त्रगाळ कुटलेली तंबाखू. साध्या तपकिरीचा वास सुक्या गवतासारखा, किंचित आंबूस व उग्र असतो. काही प्रकारांत क्षार मिसळतात. क्षारामुळे तंबाखूतील निकोटिन मोकळे होते व नाकाच्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. नवख्यास चिमूटभर तपकिरीने शिंकांची लड लागते. मुरलेला माणूस मात्र शिंकत नाही. त्याचे नाक सरावलेले असते.

मेंथॉल घातले की हा सारा क्रम बदलतो. मेंथॉल हे पुदिन्याच्या तेलातून मिळणारे पांढरे, स्फटिकरूप सत्त्व. साध्या हवेतही ते उडून जाते. म्हणून अशा तपकिरीची डबी घट्ट झाकणाची लागते, आणि उघडी राहिल्यास गारवा निघून जाऊन केवळ तंबाखू उरते. चिमूट ओढताच प्रथम जाणवतो तो थंडावा; तो कपाळापर्यंत चढतो व डोळ्यांत पाणी आणतो. तंबाखूचा उग्रपणा त्या आड दडतो. थोड्या वेळाने गारवा ओसरला की खालचा मूळ वास वर येतो आणि घशात कडवटपणा उतरतो. अनुभवी माणूस तपकिरीची पारख करतो ती या दुसऱ्या टप्प्यावर.

पहिला टप्पा मात्र फसवा आहे. नाक मोकळे झाले, असे मेंथॉलमुळे वाटते. प्रत्यक्षात नाकाची वाट रुंदावत नाही. श्वासाचा अडथळा मोजून पाहिला तेव्हा तो पूर्वीइतकाच आढळला, बदलली ती केवळ जाणीव. याचे कारण २००२ साली उलगडले. शरीरातील ज्या ग्राहकांना खरी थंडी कळते, तेच मेंथॉलनेही चेतवले जातात. मेंदूला थंड वारा आत आल्याचा निरोप मिळतो. शिवाय तंबाखूची जळजळही मेंथॉलमुळे बोथट होते, त्यामुळे नवख्याला पहिली चिमूट सोपी जाते.

यात आठवणीचाही भाग आहे. पिपरमिंटाचे फूल, कापूर व ओव्याचे फूल एकत्र करताच ते आपोआप पातळ होते. हीच घरोघरची अमृतधारा. सर्दी, पोटदुखी, डोकेदुखी यांवर आजीने लावलेल्या औषधाचा वास ज्याच्या नाकात बसला आहे, त्याला थंड तपकिरीचा वासही औषधाचाच वाटावा, हे स्वाभाविक आहे. त्यात आयुर्वेदातील नस्याचा आधार दिला जातो. परंतु नस्य हे मुख्यतः औषधी तेलांचे व काढ्यांचे असते, आणि मूळची अमेरिकेची असलेली तंबाखू चरक-सुश्रुतांना ठाऊक असणेच शक्य नव्हते.

तपकिरीच्या धोक्याची पहिली सूचनाही काही आजची नाही. लंडनचे वैद्य जॉन हिल यांनी नाकातील गाठींचा संबंध तपकिरीशी जोडणारी पुस्तिका १७६१ साली, म्हणजे पानिपतच्याच वर्षी, प्रसिद्ध केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ सालच्या ग्रंथात धूररहित तंबाखू कर्करोगकारक ठरवली आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ग्रामीण भागात तपकीर नाकापुरती राहत नाही. ती दातांना व हिरड्यांनाही लावली जाते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली मिश्री ही तिची सख्खी बहीण. स्त्रियांमध्ये दात घासण्याच्या निमित्ताने सुरू झालेली मिश्री पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागते, आणि ती तंबाखू आहे हे विचारल्याशिवाय सांगितले जात नाही. मुंबईतील गर्भवतींच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. म्हणून अंगणवाडीत वा आरोग्य केंद्रात नोंद घेताना ‘तंबाखू खाता का?’ एवढेच विचारून भागत नाही. तपकीर व मिश्री यांची नावे घेऊनच विचारावे लागते.

तंबाखू मिसळलेल्या दंतमंजनावर १९९२ साली बंदी आली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत तपकिरीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे अठरा वर्षांखालील मुलांना ती विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आतही तिची विक्री चालत नाही. सिगारेटवर नजर ठेवणाऱ्या शाळा समितीचे लक्ष शेजारच्या दुकानातील या छोट्या डबीकडे क्वचितच जाते. तान्ह्या मुलाची सर्दी मोकळी करण्यासाठी त्याच्या नाकाशी थंड तपकीर वा पिपरमिंट नेण्याचा प्रकार तर कटाक्षाने थांबवावयास हवा. मेंथॉलमुळे अर्भकाचा श्वास अडखळू शकतो.

सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय विनाशुल्क दूरध्वनी उपलब्ध आहे. तपकीर बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत डोके जड होते, चिडचिड वाढते व झोप उडते. ‘तपकीर घेतली की डोके उतरते’ हा जुना दाखला येथूनच निघतो. पुष्कळदा ते डोके सर्दीने चढलेले नसते. आधीच्या चिमटीतील निकोटिन ओसरल्याने चढलेले असते. हा त्रास साधारणतः दोन ते चार आठवड्यांत निवळतो.