चंद्राचा दिवस आणि जनावरांची भूक

आमच्या खेड्यांत काही बोल वारंवार कानी पडतात. नदीवर गळ टाकून बसणारा म्हणतो, "आज चांदणे पडले आहे, मासा लागावयाचा नाही." शेताच्या राखणीस जाणारा म्हणतो, "अंधाऱ्या पंधरवड्यात माळ्यावर डोळा लागता कामा नये." हे अनुभवाचे बोल आहेत, की अमावास्येच्या जुन्या धास्तीतून निघालेले आहेत, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडल्यावाचून राहत नाही. जो सर्वच खरे मानतो तो फसतो, आणि जो सर्वच वेडगळ समजून टाकून देतो तोही फसतो. ह्या विषयातील अज्ञानाची किंमत काही ठिकाणी मनुष्यांनी आपल्या जिवाने दिली आहे, हे पुढे दिसेल.

प्रथम चंद्राचा दिवस म्हणजे काय, हे नीट ध्यानात घेऊ. सूर्य आज माथ्यावर आल्यापासून उद्या पुन्हा माथ्यावर येईपर्यंत २४ तास जातात. चंद्रास मात्र सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात. कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा करीपर्यंत चंद्रही आपल्या मार्गावर पुढे सरकलेला असतो. म्हणून चंद्रोदय दररोज सरासरीने ५० मिनिटे उशिरा होतो. पौर्णिमेस सूर्य मावळतो आणि चंद्र उगवतो. वद्य अष्टमीस तो मध्यरात्रीच्या सुमारास वर येतो. आमचे हिंदू शेजारी संकष्टीस चंद्रोदयाची वाट पाहत उपाशी बसतात, ते रात्री नऊच्या आगेमागे जेवतात. सूर्यास्त आणि चंद्रोदय ह्यांमधील ही काळोखाची फट पौर्णिमेनंतर रोज वाढत जाते. वाचकांनी ही फट लक्षात ठेवावी. तिच्याशी आम्हांस पुढे काम आहे.

आता चंद्र पृथ्वीवर दोन प्रकारे काम करितो, एक ओढीने आणि दुसरे उजेडाने. लोक ह्या दोहोंची मिसळ करितात, आणि बहुतेक घोटाळा तेथेच उत्पन्न होतो.

ओढीचे काम पाहावयाचे तर कोकणकिनाऱ्यावर जावे. तेथील कोळ्यांस घड्याळ लागत नाही. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते: अष्टमीस सुमारे सहा वाजता, पौर्णिमेस बाराच्या आसपास. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर, म्हणजे चंद्राच्या दिवसाचा अर्धा भाग. पौर्णिमा व अमावास्या ह्यांच्या सुमारास उधाण येते, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचे कमी पाणी असते. खडकाला चिकटलेले कालव पाणी चढले की शिंपा उघडते व पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खाते. पाणी उतरले की शिंपा घट्ट मिटून बसते. खाडीच्या चिखलातील एक नांगी मोठी असलेले लहान खेकडे ह्याच्या उलट वागतात. ओहोटीला बिळांतून बाहेर येऊन चरतात, आणि भरतीला आत जाऊन विसावतात. असे खेकडे धरून, जेथे भरती नाही व उजेड पालटत नाही अशा खोलीत ठेविले, तरी ते काही दिवस आपली जुनी वेळ पाळतात, असे विद्वानांनी पाहिले आहे. म्हणजे भरतीचे घड्याळ त्यांच्या अंगातच बसलेले असते. किनाऱ्यावरील प्राण्यांची जेवणाची व झोपेची वेळ चंद्र ठरवितो, ह्यात काही शंका नाही.

परंतु येथून काही लोकांनी फार लांब उडी घेतली. अमेरिकेत जॉन आल्डन नाईट नामक एका मासेमाऱ्याने १९२६ साली असा विचार मांडला की, भरतीप्रमाणेच सर्व प्राण्यांची भूकही चंद्राच्या जागेवर चालते. चंद्र माथ्यावर आला असता आणि पायांखाली पृथ्वीच्या पलीकडे गेला असता भुकेच्या दोन मोठ्या वेळा येतात, आणि चंद्रोदय व चंद्रास्त ह्या समयी दोन लहान. गोड्या पाण्यातील मासा, रानातील हरीण, पक्षी, सर्वांस हाच नियम त्याने लाविला. त्याने वेळांचे तक्ते छापले, आणि तसले तक्ते पाहून गळ टाकणारे व शिकारीस निघणारे लोक आजही पुष्कळ आहेत.

आम्हांस हे म्हणणे जसेच्या तसे पटत नाही, आणि त्याची कारणे वाचकांपुढे ठेवितो. समुद्र अफाट आहे म्हणून चंद्राची ओढ त्यात दिसते. विहिरीला किंवा गावच्या तळ्याला भरती आलेली कोणी पाहिली आहे काय? हिशोब केला तर ४०० किलो वजनाच्या बैलाचे वजन चंद्राच्या ह्या ओढीने फार तर गव्हाच्या एका दाण्याइतके कमीजास्त होते. बैलाच्या पाठीवर माशी बसते ती ह्यापेक्षा त्याला अधिक जाणवते! शिवाय जो मनुष्य तक्त्यात दिलेल्या वेळीच गळ टाकितो, त्याला मासे त्याच वेळी मिळणार. इतर वेळी तो घरी झोपलेला असतो, तेव्हाचा हिशोब कोण ठेवितो? अमेरिकेत हरणांच्या गळ्यांत उपग्रहाकडे खूण पाठविणारे पट्टे बांधून त्यांचे फिरणे अलीकडे मोजण्यात आले आहे. तेव्हा हरणे मुख्यतः पहाटे व तिन्हीसांजेला हिंडतात, चंद्राच्या जागेचा त्यांवर फारसा परिणाम नाही, असे आढळले.

शास्त्री लोकही ह्या मोहात पडले, ही गोष्ट शिकण्याजोगी आहे. फ्रँक ब्राऊन ह्यांनी समुद्रकाठची कालवे शेकडो मैल आत, इव्हान्स्टन गावी, अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेविली. दोन आठवड्यांनी ती कालवे जुन्या किनाऱ्याची वेळ सोडून, जणू इव्हान्स्टन येथेच समुद्र असता तर भरती जेव्हा आली असती, त्या वेळी उघडू लागली, असे त्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केले. पुष्कळांस नवल वाटले. मग १९५७ साली लामाँट कोल ह्यांनी, जगात नसलेला जो एकशिंगी प्राणी, त्याच्या नावाने सोडतीसारखे वाटेल ते आकडे घेतले आणि ते तसल्याच रीतीने घुसळले. तर त्या कल्पित प्राण्याच्याही अंगात एक सुंदर ताल निघाला! आकडे फार घुसळले की ताल निघतोच, हे त्यांनी हसतहसत दाखविले. कालवांविषयीचा तो वाद अजून पुरता मिटलेला नाही.

तर मग चांदण्याविषयी गावकरी बोलतात ते सर्व खोटेच काय? मुळीच नाही. येथे दुसरी गोष्ट, म्हणजे उजेड, विचारात घेतली पाहिजे. ओढ कोणती आणि उजेड कोणता हे निवडून काढण्यास निसर्गाने एक उत्तम कसोटी दिली आहे, ती चंद्रग्रहणाची. ग्रहणात चंद्र आपल्या जागीच असतो, त्याची ओढही तितकीच असते, उजेड मात्र जातो. दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाच्या उत्तरेस फोर्मोसा प्रांतात, रात्री हिंडणारी मोठ्या डोळ्यांची लहान माकडे आहेत. चांदण्या रात्री ती झाडांवर फिरतात व खातात, काळोख्या रात्री स्वस्थ बसतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ग्रहणाने चंद्र झाकला तेव्हा त्यांची हालचाल मंदावली. ह्यावरून त्यांस हालविणारी वस्तू ओढ नव्हे, उजेड होय.

हा उजेड आपणांस वाटतो तसा वाढत नाही. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या अर्धा उजेड देत नाही, केवळ सुमारे दशांश देतो. म्हणून खरी चांदणी रात्र पौर्णिमेच्या आगेमागे थोडेच दिवस असते, आणि त्या दिवसांत खाणारे व खाल्ले जाणारे दोघेही आपले वेळापत्रक बदलतात. रातवा पक्षी डोळ्यांनी पाहून उडते किडे टिपतो. चांदण्यात त्याचे पोट चांगले भरते. वटवाघळाचे उलट. पनामा देशातील एका बेटावर फळे खाणाऱ्या वटवाघळांचा माग १९७८ साली प्रसिद्ध झाला, त्यात पौर्णिमेच्या सुमारास चंद्र उंच चढला की ती खाणे सोडून ढोलीत परततात आणि तो कलला की पुन्हा बाहेर पडतात, असे आढळले. घुबडाच्या दृष्टीस पडण्यापेक्षा उपास बरा, हा त्यांचा हिशोब असावा. उत्तर ध्रुवाकडे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. तेथील समुद्रातील बारीक जीव त्या काळात सूर्याचा दिवस सोडून चंद्राचा दिवस धरितात, सुमारे २४.८ तासांनी एकदा खालीवर करितात, आणि पौर्णिमेस सुमारे ५० मीटर खोल उतरून लपतात. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी हाती घेतली, तिकडे वळू. आफ्रिकेत टांझानिया देशाच्या दक्षिण भागात शेतकरी पिकाच्या राखणीसाठी शेतातच खोपटी घालून झोपतात, कारण रानडुकरे पीक फस्त करितात. आमच्याकडील माळ्यासारखाच हा प्रकार. डुकरांच्या मागे सिंह येतो, आणि त्यास मनुष्यही सापडतो. १९८८ ते २००९ ह्या वर्षांत तेथे सुमारे ५०० खेडूतांवर सिंहांनी हल्ले केले, आणि त्यांतील बहुतेक मरण पावले. क्रेग पॅकर व त्यांचे सोबती ह्यांनी प्रत्येक हल्ल्याची तिथी व वेळ लावून पाहिली. ते २०११ साली प्रसिद्ध झाले.

त्यांस काय आढळले? पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत सायंकाळी चंद्र आकाशात असतो. तेव्हा हल्ले थोडे. पौर्णिमेनंतर लागलीच ते एकदम वाढतात, आणि ते बहुधा सूर्यास्तापासून रात्री दहापर्यंतच्या वेळात होतात. कारण असे की, भरचांदण्यात सावज सावध असते, सिंहास दबून जाता येत नाही, त्याचे पोट रिकामे राहते. मग पौर्णिमा उलटते, सायंकाळी ती काळोखाची फट पडू लागते, आणि भुकेला सिंह तिचा लाभ घेतो. मनुष्येही त्याच वेळी अंगणात, पाणवठ्यावर, वाटेवर असतात. मध्यरात्री काळोख असला तरी माणसे घरांत असतात. १०४ व्या स्तोत्रात चंद्र, रात्र आणि भक्ष्यासाठी निघणारे तरुण सिंह हे एकामागून एक येतात, ते वाचताना आम्हांस ह्या शेतकऱ्यांची आठवण होते.

ह्यात एक बारीक गोष्ट आहे. लोक अमावास्येस भितात व पौर्णिमेस निर्धास्त असतात. तेथे तर पौर्णिमा स्वतः सुरक्षित, परंतु पुढचा आठवडा सर्वांत वाईट. भीती खोटी नव्हती, तिची तिथी चुकली होती.

हे आकडे सिंहाचे व आफ्रिकेचे आहेत. आमच्याकडे बिबळ्या आहे. त्याची रीत निराळी असू शकेल, म्हणून टांझानियाचा हिशोब उचलून जुन्नर किंवा अकोल्याच्या उसाला लावणे योग्य होणार नाही. दावणीच्या गुरांविषयी तर चंद्राकडे पाहण्याचे कारणच थोडे. गाय दिवसातून सुमारे दहाबारा तास पडून राहते व सातआठ तास रवंथ करिते, आणि तिची वेळ चारा, धार, ऊन व माश्या ह्यांवर ठरते. उन्हाळ्यात मोकळी गुरे रात्री चरतात ती गारव्यासाठी.

ज्यांस ह्या गोष्टीची प्रचीती पाहावयाची असेल, त्यांनी एक वही करावी. तीत तिथी, सूर्यास्त व चंद्रोदय ह्यांच्या वेळा, आकाश स्वच्छ की ढगाळ, आणि डुकरे शेतात कोणत्या तासाला आली हे लिहावे. आली नाहीत त्या रात्रीही लिहाव्या; नाईटच्या तक्त्यात नेमक्या त्याच रात्री नव्हत्या. तीन महिने, म्हणजे तीन पौर्णिमा, इतके तरी चालवावे. शाळेतील चौथीपाचवीचा मुलगा हे काम सहज करील.