जुन्या मोटारीचा इंधनपंप घरीं बदलण्याची रीत

कल्याणच्या बाजारास पहांटे भाजी घेऊन निघालेली मोटार मुरबाड रस्त्यावर रायत्याच्या पुलाजवळ अडली, म्हणजे ऊन चढतांच माल कोमेजूं लागतो आणि भाव हातचा जातो. आमच्या जुन्या पद्मिनीवर हा प्रसंग गेल्या भाद्रपदांत आला. त्यांतून मिळालेला धडा शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ सालीं स्थापन झाली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांत पद्मिनी तयार होई. मुंबईंतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. तरी हौसेनें जपलेल्या खाजगी गाड्या अद्याप कोठें कोठें आढळतात.

या गाडीच्या इंधनपंपास कारागीर ‘एसी पंप’ म्हणतात. तो इंजिनाच्या अंगास बोल्टांनीं बसविलेला असतो. कॅमशाफ्टवरील उंचवट्यानें पंपाचा दांडा हालतो व आंतील पडदा ओढला जातो; त्या ओढीनें टाकींतील पेट्रोल पंपांत येतें. मग स्प्रिंग पडद्यास परत ढकलते व पेट्रोल कार्बुरेटरकडे जातें. झडपांमुळें तें मागें फिरत नाहीं. पडदा जीर्ण होऊन फाटणें हा यांतील मुख्य बिघाड. आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें. तें आपल्याच ऊस-मक्यापासून होतें खरें, परंतु जुन्या रबरास तें मानवत नाहीं. म्हणून नवा पंप घेतांना इथेनॉल सोसणारा पडदा मागावा.

दोष पंपाचाच आहे, हें आधीं ठरवावें. टाकींत पेट्रोल आहे काय, झांकणाचें हवेचें छिद्र बुजलें आहे काय, गाळणींत कचरा वा पावसाळ्याचें पाणी सांचलें आहे काय, नळीस चीर आहे काय, हें पाहावें. नंतर इंजिन थंड असतां कॉइलची तार सोडवावी, कार्बुरेटरकडील नळी काढून तिचें तोंड बाटलींत धरावें व दुसऱ्याकडून स्टार्टर फिरवावा. धार जोरानें व थांबून थांबून आली तर पंप निर्दोष समजावा. बाकी सर्व ठीक असून धार न आली, तर पंप बदलावा.

काम दिवसा, उघड्या जागीं व इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावें. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरते व दूरच्या चुलीपर्यंतही पोंचते. जवळ विडी, दिवा नसावा. कोरड्या वाळूची बादली असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतूं नये; त्यानें आग पसरते.

प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. कोणती नळी कोठली, याची खूण करावी. टाकीकडील नळी सोडवितांच तिला बूच मारावें. मग बोल्ट सैल करून पंप अलगद काढावा. मधील जाड ठोकळा व कागदी पॅकिंग यांची जाडी जपावी. ती कमी झाल्यास दांड्यावर फाजील ताण येतो. वाढल्यास पडद्याची चाल अपुरी पडून पेट्रोल कमी येतें. जागा स्वच्छ पुसून नवें पॅकिंग घालावें, दांडा आपल्या जागीं नीट टेकवावा व बोल्ट आळीपाळीनें आंवळावे. बोल्ट जड जात असतील तर उंचवटा दांड्यावर आला आहे असें समजून इंजिन थोडें फिरवून घ्यावें. नळ्यांचे आटे प्रथम बोटांनींच धरवावे.

आमची चूक यापुढें झाली. फाटक्या पडद्यांतून पेट्रोल खालीं इंजिनाच्या तेलांत उतरतें, हें आम्हीं ध्यानीं घेतलें नाहीं. नवा पंप बसवून गाडी तशीच हांकली. पातळ तेलानें वंगण झालें नाहीं व दोन महिन्यांत बेअरिंगें गेलीं. पंपाच्या कैक पट खर्च त्यांत झाला. म्हणून गज काढून तेल पाहावें. पातळी वाढलेली वा पेट्रोलचा वास असेल, तर तेल व तेलाची गाळणी बदलल्यावांचून इंजिन सुरू करूं नये.

शेवटीं तारा जोडून स्टार्टर थोडा थोडा, मध्यें विसावा देत फिरवावा. इंजिन चालूं झाल्यावर प्रत्येक जोड पाहावा. थेंब दिसतांच बंद करावें. सांडलेलें पेट्रोल गटारांत वा विहिरीजवळ टाकूं नये.

ही रीत कार्बुरेटरच्या गाड्यांचीच होय. आजच्या इंजेक्शनच्या मोटारींत विजेवर चालणारा पंप टाकीच्या आंत असतो व गाडी बंद असतांही नळींत दाब राहतो. त्या घरीं उघडूं नयेत. जाणत्या कारागिराकडेच न्याव्या.