रंगाच्या गोळीची बंदूक

अमेरिकेत झाडांवर नि गुरांवर लांबून खूण करायला ही बंदूक निघाली. १९८१ साली तिचा खेळ झाला. आता तो आपल्याकडेही खेळतात.

हिच्यात दारू नाही. दाबलेला गॅस गोळी ढकलतो. गोळीत नुसता रंग. पण ती सुटते सेकंदाला सुमारे ९० मीटर! डोळ्यावर बसली तर डोळा जाईल. म्हणून डोळे झाकणारा मुखवटा मैदानात काढू नये.

गोळी नळीत अडकली, तर काय कराल? नळीत डोकावू नका. नळी जमिनीकडे धरा. गोळ्यांचा डबा काढा. मग गॅसची बाटली काढा. तरी आत थोडा गॅस उरतोच. जमिनीकडेच रोखून चाप ओढा, तो जाऊ द्या. मगच नळी काढून पुसा.

रंग धुतला की जातो. गेलेला डोळा परत येत नाही.