कामाचाही कागद हवा

दहावीनंतर पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत होता, पण घरची गरज मोठी होती, म्हणून पुण्यातल्या एका लहान कंपनीत नोकरी धरली. सर्व्हर बंद पडला की लॉग कसे वाचायचे, ग्राहक ‘सिस्टिम स्लो आहे’ म्हणाला की दोष कुठे शोधायचा, हे तिथेच शिकले. नंतर मोठ्या कंपनीत गेले. तिथेही काम बघितले गेले. पदवी कुणी विचारली नाही.

विचारली ती ऑनसाइटला, म्हणजे परदेशातल्या ग्राहकाकडे, जायची वेळ आली तेव्हा. अमेरिकेच्या एच-वन बी व्हिसाला कामाशी संबंधित विषयातली पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. अनुभव धरतात, पण कमी पडणाऱ्या प्रत्येक शैक्षणिक वर्षामागे तीन वर्षांचे काम दाखवावे लागते, तेही तज्ज्ञ दर्जाचे आणि पुराव्यानिशी. माझी वर्षे भरत होती. मात्र पहिली कंपनी तोवर बंद झाली होती आणि तिच्या पत्रात फक्त हुद्दा आणि तारखा होत्या. मी काय काम केले, याचा त्यात एक शब्द नव्हता. माझा अर्ज दाखलच झाला नाही.

म्हणून लवकर नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना कळकळीने सांगते. नोकरी सोडताना सविस्तर अनुभवपत्र मागून घ्या. कोणती प्रणाली बांधली, कोणती जबाबदारी होती, कोणते तंत्रज्ञान वापरले, हे त्यात असू द्या. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ जपून ठेवा. जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या लोकांना पदवीशिवायही ब्लू कार्ड हा कामाचा परवाना खुला केला. पण मागच्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा पदवीधराच्या तोडीचा अनुभव तिथेही सिद्ध करावाच लागतो.

पदवीही सोडू नका. इग्नू किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांतून नोकरी सांभाळून शिकता येते. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमही आहे. मात्र पत्राद्वारे इंजिनिअरिंगची पदवी देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अशा शिक्षणाला नकार दिला आहे. प्रवेशाआधी यूजीसीची मान्यता तपासा.

मी पुढे पदवी घेऊन एमसीए केले, ते केवळ कागदासाठी उरले नाही. डेटाबेसच्या इंडेक्समधल्या कॉलमांचा क्रम चुकला की क्वेरी रखडते, हे कामाने दाखवले होते. ती का रखडते, हे बी-ट्री शिकल्यावर कळले. तेव्हापासून उपाय चाचपडत शोधावा लागत नाही. उलट, मुलाखतींत असे पदवीधरही भेटतात ज्यांना व्याख्या पाठ असतात, पण दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचता येत नाही. त्यांनी शिकत असतानाच एखाद्या खऱ्या प्रकल्पावर हात बसवावा.

आधी नोकरी धरावी लागली, यात कमीपणा काहीच नाही. फक्त पहिल्या पगाराबरोबर कागदपत्रांची फाइल सुरू करा आणि पुढच्या प्रवेशाची तारीखही तेव्हाच बघून ठेवा.